आधीचं चित्र



सांगलीत येऊन पुरावर बोलणं हे तसं धाडसच. तुमच्याकडे पूर फुटांत मोजतात. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. त्यापुढच्या प्रत्येक फुटाला कुठली पेठ आणि कुठली गल्ली पाण्यात जाते, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५७ च्या वर गेला. तेव्हा तुम्ही जे माळ्यावर, गच्चीवर बसून पाहिलं, ते मी सुमारे सातशे किलोमीटर उंचीवरून काढलेल्या चित्रांत पाहत होतो. तुमचं पाहणं जास्त खरं होतं हे आधीच कबूल करतो. पण वरून काय दिसतं, काय दिसत नाही, आणि का दिसत नाही, यात बरंच काही आहे. संयोजकांनी ‘नैसर्गिक आपत्ती आणि उपग्रह’ असा विषय दिला आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते गुरुजी भूगोल शिकवत आणि फळ्यावर नकाशा टांगल्याशिवाय धड्याला हात घालत नसत, असं मला कळलं. तेव्हा विषय त्यांना रुचला असता असं धरून चालतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपत्ती आली की सगळे आकाशातून आलेलं ताजं चित्र मागतात. जिल्हाधिकारी मागतात, मंत्री मागतात, वाहिन्या तर मागतातच. आपत्तीच्या आधीचं चित्र मात्र कुणी मागत नाही. आणि या सगळ्या व्यवहारात किंमत असते ती त्या आधीच्या चित्राची.

प्रथम ढगांचं बघू. आपल्याला ‘उपग्रहाचं चित्र’ म्हणून जे परिचयाचं आहे, हिरवी शेतं, निळी नदी, घरांची छपरं, ते उन्हात काढलेलं छायाचित्र असतं. कॅमेरा कितीही उत्तम असला तरी ढगाच्या पलीकडचं त्याला दिसत नाही. आपल्या कार्टोसॅट-३ ला पाव मीटरच्या आसपासची वस्तू ओळखता येते, म्हणजे रस्त्यावर उभी असलेली मोटार सहज. पण महाराष्ट्रातल्या मोठ्या आपत्ती पावसाळ्यातच येतात. माळीणची दरड ३० जुलैला, तळीयेची २२ जुलैला, इर्शाळवाडीची १९ जुलैला, कृष्णा-पंचगंगेचा महापूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. अशा दिवशी सह्याद्रीवरून जाणाऱ्या कार्टोसॅटला खाली पांढऱ्या कापसाशिवाय काही दिसत नाही. किल्लारीच्या भूकंपाचा अपवाद घ्यावा, तर १९९३ मध्ये आपल्याकडे असलेल्या आयआरएस मालिकेतल्या उपग्रहांच्या चांगल्या कॅमेऱ्याचाही एक पिक्सेल ३६ मीटरचा होता. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर पहाटे चारच्या सुमारास जी दगडमातीची घरं बसली, त्यातलं एकेक घर त्या चित्रात शोधणं शक्यच नव्हतं.

म्हणून पुराच्या कामात रडार लागतं. रडारचा उपग्रह उन्हावर अवलंबून नसतो. तो स्वतःच सूक्ष्मलहरी खाली सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपतो. ढग, पाऊस, रात्र, या कशाचीही त्याला अडचण नाही. पाणी त्याला कसं कळतं? पावसाळ्यात रात्री गाडी चालवणाऱ्यांनी हे अनुभवलेलं असतं. कोरडा रस्ता दिव्यांच्या उजेडात दिसतो आणि पाणी साचलेला भाग काळाकुट्ट दिसतो, कारण गुळगुळीत पाण्यावरून उजेड पुढे निघून जातो, आपल्याकडे परत येत नाही. रडार तिरक्या नजरेनं बघतं, त्यामुळे संथ पाणी त्याला काळं दिसतं. चित्रातला काळा भाग रंगवायचा, त्याला पूर म्हणायचं, असं हे वरवर सोपं काम. पुराच्या काळात वर्तमानपत्रांत जे निळे पट्टे छापून येतात ते याच रीतीनं तयार होतात.

आता अडचणी. त्यातल्या दोन खास तुमच्या आहेत.

पहिली शहराची. मारुती चौकात किंवा दत्तनगरात पाच-सहा फूट पाणी आहे, दोन्ही बाजूंना इमारती आहेत. रडारची लहर पाण्यावर आपटते, तिथून भिंतीवर आपटते आणि सरळ उपग्रहाकडे परत जाते. म्हणजे पाणी शिरलेला चौक काळा दिसण्याऐवजी आधीपेक्षा जास्त चकचकीत दिसतो. ‘काळं ते पाणी’ हा नियम इथं उलटा होतो. संगणकाला तो नियम एवढाच शिकवलेला असेल, तर नदीकाठची मोकळी रानं निळी होतात आणि ऐन गावभाग कोरडा म्हणून नोंदला जातो. नकाशा बघणाऱ्या मुंबईतल्या अधिकाऱ्याला वाटतं, शहर वाचलं.

दुसरी अडचण उसाची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ऑगस्टमध्ये आडसाली ऊस वर्षाचा झालेला असतो, सुरूचा ऊसही पुरुषभर असतो. युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची लहर साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास लांबीची. ती उसाच्या पाचटातच विखुरते, खाली जमिनीपर्यंत पोचतच नाही. खाली गुडघाभर पाणी असो वा छातीभर, वरून ऊस म्हणजे ऊस. शिरोळ, वाळवा, पलूस या तालुक्यांत नदीकाठाला दुसरं असतं काय? त्यामुळे २०१९ चे अनेक नकाशे बघितले तर पुराच्या पट्ट्यात मध्येच कोरडी बेटं दिसतात. ती बेटं नव्हती, उसाचे फड होते. गावातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं ते एका वाक्यात सांगितलं असतं.

मग मार्ग काय? मार्ग वजाबाकीचा. त्याच उपग्रहानं, त्याच कोनातून, पूर नसताना घेतलेलं चित्र शेजारी ठेवायचं आणि फरक काढायचा. चौक आधी करडा होता, आता चकचकीत झाला, म्हणजे तिथं काहीतरी घडलंय. उसाच्या बुंध्याशी पाणी आल्यावर लहर थोडी का होईना वेगळी परतते, तो फरकही अशा तुलनेतच सापडतो. उजळाईवाडीची धावपट्टी रडारला बारा महिने काळी दिसते, कारण तीही गुळगुळीत आहे. आधीचं चित्र नसेल तर तिलाही पूर आलेला असतो! नदीचं नेहमीचं पात्र, तलाव, हे सगळं वजा केल्यावर उरेल तो पूर. म्हणजे एकट्या ताज्या चित्राला बोलताच येत नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. सेंटिनेल-१ आपल्या भागावरून साधारण पहाटे किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास जातो आणि त्याच जागेवर त्याच वाटेनं बारा दिवसांनी येतो. पूर त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे चढत नाही. पाणी रात्री दोनला सर्वांत वर गेलं आणि उपग्रह दोन दिवसांनी आला, तर चित्रात ओसरता पूर येतो आणि तोच कागदोपत्री ‘पूरक्षेत्र’ होऊन बसतो. पूररेषेच्या आखणीला अशी चित्रं आधार म्हणून घेतली जातात तेव्हा हे आठवलं पाहिजे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या रेषांवर बांधकामाच्या परवानग्या आणि लोकांचे प्लॉट अडकलेले असतात. कुठल्या दिवसाचं, कुठल्या वेळेचं चित्र, हे नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही.

आणखी एक. पूर ओसरल्यावर घरात चिखल, धान्य कुजलेलं, कपाटं फुगलेली, भिंती कुबट. वरून छप्पर मात्र शाबूत. उपग्रहाच्या दृष्टीनं त्या घराचं नुकसान शून्य. भूकंपात छप्पर पडतं, वादळात उडतं, तिथं वरचं चित्र पंचनाम्याला मदत करतं. पुरात तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी दारात उभं राहण्याला पर्याय नाही. हल्ली कुठल्याही परिषदेत ‘पंचनामेही उपग्रहावरून होतील’ असं उत्साहानं सांगितलं जातं. पिकाच्या बाबतीत ते काही प्रमाणात खरं आहे. घराच्या बाबतीत ते होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता थोडं उत्तरेकडे जाऊ. आधीच्या चित्राचं महत्त्व ज्या घटनेनं जगाला शिकवलं ती उत्तराखंडातली. ७ फेब्रुवारी २०२१, रविवार सकाळ. चमोली जिल्ह्यात ऋषिगंगेतून दगड, चिखल आणि पाण्याचा लोंढा आला. १३ मेगावॅटचा ऋषिगंगा प्रकल्प पुसला गेला, खाली तपोवन-विष्णुगाड प्रकल्पाच्या बोगद्यात कामगार अडकले. मृत आणि बेपत्ता मिळून दोनशेहून अधिक माणसं गेली. दुपारपर्यंत देशभर एकच मथळा होता: हिमनदी फुटली. डोंगरात कुठंतरी हिमतलाव असणार, तो फुटला असणार, असा सगळ्यांचा कयास. फेब्रुवारीत, ऐन थंडीत, एवढं पाणी दुसरीकडून कुठून येणार?

सुदैवानं आकाश निरभ्र होतं. प्लॅनेट नावाच्या अमेरिकी कंपनीचे छोटे उपग्रह रोज जवळपास सगळ्या जमिनीची चित्रं घेतात. त्या दिवशीच्या चित्रात दरीवर धुळीचा लोट दिसत होता. अभ्यासकांनी आदल्या दिवसांची चित्रं काढून शेजारी ठेवली आणि दिसलं ते असं: फुटण्याजोगा तलाव तिथं नव्हताच. रोंटी शिखराच्या उत्तर उतारावर एक मोठा काळा व्रण होता, जो आधी नव्हता. डोंगराचा एक आख्खा तुकडा, वरच्या बर्फासकट, निसटून सुमारे १,८०० मीटर खाली कोसळला होता. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे डॅन शुगर आणि त्यांच्याबरोबरच्या पन्नासहून अधिक शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी ‘सायन्स’ नियतकालिकात याचा सविस्तर हिशेब मांडला. कोसळलेला ऐवज सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर, त्यात ढोबळमानानं ८० टक्के खडक आणि २० टक्के बर्फ. पडताना घर्षणाच्या उष्णतेनं बर्फ वितळला आणि खडकाचा चुरा पाण्यासारखा वाहू लागला. थंडीत पाणी कुठून आलं, याचं उत्तर हे.

हा काही नुसता पंडिती वाद नव्हता. तलाव फुटला असेल तर पाणी एकदा आलं आणि संपलं. कडा कोसळला असेल तर दरीत ढिगारा साचतो, ढिगाऱ्यामागे नदी तुंबते आणि नवा तलाव तयार होतो. तो बोगद्यात काम करणाऱ्या बचाव पथकांच्या डोक्यावर असतो. तसंच झालं. ऋषिगंगेला मिळणाऱ्या ओढ्याच्या मुखाशी आलेल्या गाळानं पाणी अडलं. ११ फेब्रुवारीला नदीचं पाणी वाढू लागल्यानं बोगद्यातलं काम काही काळ थांबवावं लागलं. त्यानंतर उपग्रह त्या तळ्यावर रोज नजर ठेवून होते आणि पथकं चढून जाऊन प्रत्यक्ष खोली मोजत होती. ताज्या चित्राचा खरा उपयोग झाला तो इथं. पण तो होऊ शकला, कारण काय शोधायचं हे आधीच्या चित्रानं सांगितलं होतं.

या प्रकरणातला अस्वस्थ करणारा भाग पुढेच आहे. जुन्या चित्रांची मालिका मागे मागे लावत नेल्यावर दिसलं की तो तुकडा २०१६ पासून हलत होता. बर्फात आणि खालच्या खडकात भेग पडली होती आणि ती काही ठिकाणी ८० मीटरपर्यंत रुंद झाली होती. ८० मीटर! चित्रं होती, सगळ्यांसाठी खुली होती, त्यातली काही फुकट होती. ती बघण्याचं काम कुणाचंच नव्हतं. हिमालयात असे हजारो उतार आहेत, प्रत्येकावर डोळा ठेवणं सोपं नाही, हे खरं. तरी ज्या दरीत आपण धरण आणि बोगदा बांधतो, निदान तिच्या डोक्यावरच्या कड्याची जुनी चित्रं दरवर्षी एकदा काढून बघावीत, एवढी अपेक्षा फार नाही.

वायनाडचंही तेच. ३० जुलै २०२४ च्या पहाटे मुंडक्कई आणि चूरलमला ही गावं दरडीखाली गेली. आकाश ढगाळ, म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रानं दुसऱ्या दिवशी रडारचं चित्र घेतलं आणि मे २०२३ मधलं कार्टोसॅट-३ चं चित्र शेजारी ठेवून नकाशा काढला. दरड सुटली ती समुद्रसपाटीपासून सुमारे १,५५० मीटरवर, तिथून ढिगारा नदीच्या वाटेनं आठ किलोमीटर वाहत गेला. बचाव पथकांना त्या नकाशाचा उपयोग झाला. पण त्याच केंद्राच्या टिपणात आणखी एक वाक्य होतं: याच जागी पूर्वीही दरड कोसळल्याची नोंद २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारताच्या भूस्खलन ॲटलासमध्ये आहे. त्या ॲटलासमध्ये १९९८ ते २०२२ या काळातल्या सुमारे ८०,००० दरडींची नोंद आहे. नोंद होती, आणि गाव तिथंच होतं. नकाशा छापून झाला म्हणजे तो गावच्या ग्रामसभेपर्यंत पोचला असं होत नाही. वायनाडमध्ये स्थानिक स्वयंसेवकांचं पर्जन्यमापकांचं जाळं आहे. ते चालवणाऱ्या ह्यूम सेंटरनं आदल्या दिवशीच पावसाचे आकडे पाहून इशारा दिल्याचं नंतर वृत्तपत्रांत आलं. पत्र्याच्या नळकांड्यात साठलेलं पाणी रोज मोजणारी ती माणसं मला कुठल्याही उपग्रहाइतकीच महत्त्वाची वाटतात, आणि त्यांना वर्षभराचा खर्च किती येत असेल तोही बघा.

आपल्याकडे या. माळीणची बातमी जगाला कुणी दिली? ३० जुलै २०१४ च्या सकाळी नेहमीच्या फेरीवर गेलेल्या एसटीच्या चालकानं. गाव असायला हवं तिथं त्याला चिखल दिसला. १५१ माणसं गेली. त्यानंतर दरडप्रवण गावांच्या याद्या झाल्या, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मदतीनं नकाशे झाले. नऊ वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सुमारे सव्वादोनशे वस्तीची ठाकर आदिवासींची वाडी. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले, चार दिवसांनी शोध थांबवला गेला. वाडीला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रं चढवता आली नाहीत. हवामानामुळे हेलिकॉप्टर उडालं नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आणि आसपासची गिर्यारोहक मंडळी फावडी-कुदळींनी उकरत होती. सरकारनं विधिमंडळात सांगितलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

ती का नव्हती, यावर त्या वेळी राजकीय चर्चा बरीच झाली. मला त्यातला नकाशाचा भाग सांगायचा आहे. दरडींच्या धोक्याचे देशव्यापी नकाशे १:५०,००० या प्रमाणावर आहेत. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर. चाळीस-पन्नास घरांची वाडी समजा १०० मीटर लांब असेल, तर नकाशावर ती दोन मिलिमीटरची. पेन्सिलीचं टोक टेकलं तर झाकली जाते. शिवाय यादी होते ती महसुली गावांची. वाडी, पाडा, वस्ती ही गावाच्या पोटात असते आणि अनेकदा गावठाणाच्या हद्दीबाहेर. गावठाणांची ड्रोननं मोजणी सुरू झाली; पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून आपल्या राज्यानं त्यात पुढाकार घेतला, पुढे २०२० पासून स्वामित्व योजनेतून ते देशभर गेलं. चांगलं काम आहे. पण गावठाणाबाहेरचा पाडा त्यात येईलच असं नाही, आणि डोंगरउतारावर राहतात ती माणसं बहुधा तिथलीच.

एक गोष्ट नकाशेवाल्यांनी लक्षात घ्यायला हवी. पाड्यावर गेलं आणि ‘तुमच्या घराची नोंद घ्यायची आहे’ असं म्हटलं की लोक आनंदानं पुढे येत नाहीत. जागा वनखात्याची असेल तर नोंद म्हणजे उद्याची नोटीस, असा त्यांचा अनुभव असतो. संकटात मदत पोचावी म्हणून केलेला नकाशा हटवण्यासाठी वापरला जाणार नाही, याची खात्री कुणीतरी लेखी दिली पाहिजे. ती आजवर कुणी दिल्याचं मला ठाऊक नाही.

आपल्या देशात नकाशा ही फार काळ सांभाळून, दडवून ठेवायची वस्तू होती. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ चा. त्याचे टोपोशीट आमच्या उमेदीच्या काळात कुलुपात असायचे आणि त्यातले बरेच ‘निर्बंधित’. २००५ च्या धोरणानं थोडी ढील दिली. भूस्थानिक माहिती खऱ्या अर्थानं मोकळी झाली ती फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी. त्याआधी दहा-अकरा वर्षं जगात वेगळंच घडत होतं. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्तोप्रिन्स शहराचा वापरण्याजोगा खुला नकाशाच नव्हता. जगभरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून, उपग्रह चित्रांवरून रस्ते गिरवत, काही दिवसांत ‘ओपनस्ट्रीटमॅप’वर तो उभा केला आणि बचाव पथकांनी तोच वापरला. नेपाळात काठमांडू लिव्हिंग लॅब्जच्या तरुणांनी हैतीचा धडा घेतला आणि भूकंप व्हायच्या आधीच काठमांडू खोऱ्यातल्या शाळा, दवाखाने, रस्ते टिपायला सुरुवात केली. २५ एप्रिल २०१५ ला गोरखाचा भूकंप आला तेव्हा पायाचा नकाशा तयार होता. जगभरच्या हजारो लोकांनी त्यावर पुढचं काम केलं. याच भूकंपानंतर शास्त्रज्ञांच्या एका गटानं उपग्रह चित्रांवरून चार हजारांहून अधिक दरडी मोजल्या आणि जवळपास पाचशे हिमतलाव तपासले. त्यातला एकही फुटल्याचं दिसलं नाही. खालच्या गावांत तेव्हा अफवांचं रान पेटलं होतं. काही झालेलं नाही, एवढं ठामपणे सांगता येणं हीदेखील मोठी मदत असते.

चित्रं मिळवण्याची सोय जगानं पूर्वीच करून ठेवली आहे. १९९९ मध्ये व्हिएन्नातल्या संयुक्त राष्ट्रांच्या अवकाश परिषदेत युरोपीय आणि फ्रेंच अवकाश संस्थांनी एक आंतरराष्ट्रीय सनद मांडली: कुठल्याही देशावर मोठी आपत्ती आली की सदस्य संस्थांनी आपले उपग्रह तिकडे वळवायचे आणि चित्रं मोफत द्यायची. इस्रो तिच्यात २००१ पासून आहे. चक्रीवादळांच्या बाबतीत तर उपग्रहानं आपला जीवच वाचवला आहे. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ च्या फायलिनच्या वेळी लाखो लोकांना आधीच हलवलं आणि बळींची संख्या काही डझनांवर राहिली. पण तिथंही पुन्हा ‘आधी’च आहे: इन्सॅटच्या चित्रांवरून तीन-चार दिवस आधी कळलं, आणि चक्रीवादळ निवारे कुठं आहेत हे ठाऊक होतं. वादळांबद्दल एवढंच, कारण त्या क्षेत्रातले लोक माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

सध्या ज्याचं सर्वांना कुतूहल आहे त्या निसारबद्दल दोन शब्द. नासा आणि इस्रो यांचा हा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. माळीणची तारीख ३० जुलै, वायनाडची ३० जुलै. हा निव्वळ योगायोग, पण मला तो सुचल्यावाचून राहिला नाही. निसारवर १२ मीटर व्यासाचा जाळीचा अँटेना आहे आणि दोन रडारं: इस्रोचं एस-बँडचं, नासाचं एल-बँडचं. एल-बँडची लहर सुमारे २४ सेंटीमीटरची. ती पानांच्या गर्दीतून पार होते. उसाच्या फडात शिरून पाण्यावर आणि बुंध्यावर आपटून परत येऊ शकते. म्हणजे २०१९ मध्ये जी बेटं कोरडी दिसली ती पुढच्या पुरात ओली दिसण्याची शक्यता आहे. विदा सर्वांना मोफत मिळणार आहे.

दरडींच्या बाबतीत मात्र मी फार आशा लावणार नाही. जमीन हळूहळू सरकत असेल तर निसार ती सेंटीमीटरच्या हिशेबात पकडेल. हिमालयातल्या काही उतारांना हे लागू पडेल. सह्याद्रीत काळ्या खडकावर मातीचा पातळ थर असतो. तीन दिवस मुसळधार पाऊस झाला की तो भिजतो आणि एका क्षणात सुटतो. आधी महिनाभर सरकून दाखवत नाही. त्यात रडार तिरकं बघत असल्यानं उभ्या कड्यांमागचा भाग त्याच्या सावलीत जातो. इर्शाळवाडीला निसारनं इशारा दिला असता, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. तिथं उपयोग होता तो उताराच्या, ओढ्यांच्या आणि घरांच्या बारीक नकाशाचा, आणि वाडीतल्या पर्जन्यमापकाचा.

तर आता तुमच्याकडे काय करता येईल ते सांगतो, कारण संयोजकांनी तशी अट घातली आहे. निसारनं उसाखालचं पाणी दाखवलं, तरी ते बरोबर दाखवलं की नाही हे तपासायला जमिनीवरचं मोजमाप लागणार. अमक्या तारखेला, अमक्या वेळी, अमक्या जागी पाणी इतकं होतं, असं. तसं मोजमाप सांगलीत जागोजागी आहे. २००५, २०१९, २०२१ या पुरांच्या पाण्याच्या खुणा तुमच्या घरांच्या, दुकानांच्या, देवळांच्या भिंतींवर आहेत. कुणी तारीख टाकून रेघ मारली आहे, कुठं नुसता चिखलाचा पट्टा उरला आहे. इथल्या महाविद्यालयांत भूगोलाची आणि स्थापत्य अभियांत्रिकीची मुलं आहेत, प्रत्येकाच्या खिशात अक्षांश-रेखांश दाखवणारा फोन आहे. एका सुट्टीत खुणा टिपून होतील: जागा, जमिनीपासून उंची, कुठल्या वर्षीची, सांगणाऱ्याचं वय. उसाच्या रानांसाठी शेतकऱ्यांनाच विचारा, कुठल्या दिवशी पाणी कांड्यापर्यंत होतं आणि कुठल्या दिवशी शेंड्यावरून गेलं. ते कुणी विसरलेलं नाही. ही नोंद खुली ठेवा, हैदराबादच्या केंद्राला द्या, नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राला द्या, आणि महापालिकेलाही एक प्रत द्या.

फक्त हे दिवाळीच्या आत करा. दिवाळीला लोक घरांना रंग काढतात, आणि २००५ च्या बऱ्याच रेघा अशाच गेल्या आहेत.